पहिलं कुत्रं, पहिलं वर्ष: दुखणी, सवयी आणि एक दोनशे पानी वही

गुंडी आमच्याकडे आली तेव्हा दीड महिन्याची होती. सिंहगड रस्त्यावर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका गावठी कुत्रीला पाच पिल्लं झाली होती, त्यातली ही सगळ्यात बारकी. आता ती चार वर्षांची आहे आणि सोफा तिच्या नावावर आहे. पण पहिल्या वर्षात तिच्या पायी मी तीन वेळा रडले, आणि त्यातली दोन रडणी टाळता आली असती. नुकतंच पिल्लू आणलेल्या माणसाला इंटरनेटवर एकतर अमेरिकेतले सल्ले मिळतात, नाहीतर शेजारच्या काकांचे. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. औषधाचं प्रमाण या लेखात शोधू नका, ते वजनावर ठरतं आणि डॉक्टरांनीच ठरवायचं असतं.

घरात काय काय हवं

- साधी दोनशे पानी वही. मोबाइलमधल्या नोंदी घरातल्या बाकीच्यांना सापडत नाहीत.
- डिजिटल थर्मामीटर, फक्त कुत्र्यासाठी. आमच्याकडे त्याला लाल दोरा बांधलाय, का ते पुढे कळेलच.
- व्हॅसलीन, कापूस, सलाईनची बाटली, बोथट टोकाचा चिमटा, सुईशिवायची दहा मिलीची सिरिंज.
- लसीकरणाचं पुस्तक आणि त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो.
- नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर, आणि रात्री उघड्या असणाऱ्या एका दवाखान्याचा. हा दुसरा नंबर आजच शोधा आणि एकदा फोन करून खात्री करा. रात्री दोन वाजता पाटीवरचे ‘चोवीस तास’ किती खरे असतात ते मी पाहिलंय.

१. आधी ‘ठणठणीत’ म्हणजे काय ते लिहून ठेवा

कुत्रं दुखणं लपवतं. त्याचं बिनसलंय हे आपल्याला दिसतं तोवर बहुतेक वेळा एक-दोन दिवस गेलेले असतात. ते आधी कळायचं असेल तर आपलं कुत्रं बरं असताना कसं असतं ते माहीत हवं. पहिल्या आठवड्यात, सगळं छान चाललेलं असताना, वहीच्या पहिल्या पानावर एवढं लिहा.

ताप: कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. म्हणजे हात लावला की ते आपल्याला कायम गरमच लागणार. नाक कोरडं म्हणजे ताप, ही समजूत सोडून द्या. झोपून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचं नाकही कोरडं असतं. ताप शेपटीखालून, गुदद्वारातूनच मोजायचा (आता लाल दोरा कळला असेल). टोकाला व्हॅसलीन लावून थर्मामीटर दोनेक सेंटिमीटर आत सरकवायचा. दोन माणसं लागतात. एकाने पुढून चमच्याला लावलेलं दही चाटवत राहायचं, दुसऱ्याने मागचं काम उरकायचं. गुंडी पहिल्यांदा अशी वळून बघत राहिली, जणू आमच्याकडून तिला ही अपेक्षा नव्हती.

हिरड्या: ओठ वर करून बघा. बहुतेक कुत्र्यांच्या हिरड्या गुलाबी असतात, काहींच्या मुळातच काळपट असतात, त्यांच्यात खालच्या पापणीच्या आतला रंग बघायचा. हिरडीवर बोटाने दाबा, पांढरा ठिपका उमटतो आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी होतो. पांढुरक्या, निळसर किंवा पिवळ्या हिरड्या दिसल्या तर वही मिटा आणि रिक्षा बोलवा.

श्वास: गाढ झोपेत मिनिटाला पंधरा ते तीस. वजन: आधी त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकट्याने, आणि वजाबाकी करा. पिल्लाचं वजन दर आठवड्याला टिपा. शिवाय किती वेळा शी, कशी, किती पाणी, जेवण किती वेळात संपतं. हे वाचून हसू येईल, पण डॉक्टर नेमकं हेच विचारतात.

२. लसी आणि जंत: तारखा पाळा, बाकी काही करू नका

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना. दवाखान्यात तिला ‘पपी डीपी’ म्हणतात, म्हणजे डिस्टेंपर आणि पार्व्हो या दोन जीवघेण्या विषाणूजन्य आजारांवरची. मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने ‘सेव्हन-इन-वन’ किंवा ‘नाइन-इन-वन’ ही अनेक आजारांवरची एकत्र लस, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. इतक्या वेळा का, तर आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला काम करू देत नाही, आणि ती नेमकी कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं. एक डोस झाला म्हणजे सुटलो, असं समजून पिल्लाला बागेत नेणं हा सगळ्यात मोठा सापळा. आमच्या जिन्यातल्या एका घरातलं लॅब्रेडॉर पिल्लू असंच गेलं.

रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर, डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर, पुढे दर वर्षी. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्याच्या आसपास बऱ्याच ठिकाणी मोफत शिबिरं लागतात.

जंताचं औषध पिल्लाला तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि मग साधारण तीन महिन्यांनी. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही वळवळताना दिसलं तर ते पट्टकृमीचे तुकडे. ते पिसवांमधून येतात, म्हणजे औषध जंतांचंही आणि पिसवांचंही लागणार. जमिनीवर बूड घासत चाललं की सगळे म्हणतात ‘जंत झालेत’. बऱ्याचदा तिथल्या ग्रंथी भरलेल्या असतात, त्या डॉक्टर दोन मिनिटांत मोकळ्या करतात. वास मात्र दोन दिवस नाकातून जात नाही.

३. गोचीड ताप: इथे थोडं थांबून वाचा

आमचं पहिलं मोठं दुखणं हेच. गुंडी आठ महिन्यांची होती, एप्रिल महिना. ती जेवण हुंगून बाजूला झाली. आई म्हणाली, उन्हाने मलूल झालीय, दह्याचं पाणी दे. मलाही पटलं. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या चार पायऱ्या चढून ती बसली. तिसऱ्या दिवशी पोटाच्या उघड्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके दिसले, कुणी बॉलपेन टेकवल्यासारखे. ताप १०४. रक्त तपासलं तर प्लेटलेट अडतीस हजार. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन ते पाच लाख असतात.

याचं नाव एर्लिकिया. तपकिरी गोचीड चावली की हा जंतू रक्तात शिरतो. दुसरा प्रकार बबेसिया, तो तांबड्या पेशी फोडतो, मग हिरड्या पांढऱ्या पडतात आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते. दोन्ही एकाच वेळीही होऊ शकतात. दोन्हींची औषधं वेगळी, त्यामुळे ‘शेजारच्या टायगरला हीच गोळी दिली होती’ हे चालत नाही. रक्ताच्या काचपट्टीवर जंतू दिसला नाही म्हणून आजार नाही, असंही नसतं. डॉक्टरांनी पुढची तपासणी सांगितली तर पैशांकडे बघून टाळू नका.

एर्लिकियाला साधारण चार आठवडे डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक चालतं. सापळा असा की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि घरातले म्हणतात, झालं बरं, कशाला एवढी औषधं. कोर्स पूर्ण करा. नाहीतर आजार आत दबून राहतो आणि काही महिन्यांनी नाकातून रक्त येतं तेव्हा परत भेटतो.

गोचीड शोधायची जागा: कानाच्या आतल्या घड्या, पट्ट्याखाली, काखेत, आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात. मी रोज रात्री बातम्या लावून हे करते. डोळ्यांपेक्षा बोटांनी शोधा. पोट भरलेली गोचीड एरंडाच्या बीसारखी लागते, उपाशी असलेली तिळाएवढी आणि चपटी. चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरायची आणि सरळ वर ओढायची. रॉकेल, उदबत्तीचा चटका, नखांमध्ये चिरडणं, यातलं काहीही करू नका. काढलेली गोचीड साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाका.

अंगावरच्या गोचिडी म्हणजे अर्धंच काम. पोट भरलेली मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत किंवा पलंगाच्या सांध्यात शिरते आणि हजारांच्या घरात अंडी घालते. ही जात घरातल्या घरात वाढू शकते. आमच्या गॅलरीच्या भिंतीवरून राईच्या दाण्यांसारखी रांग वर चढताना पाहिली, तेव्हा मला हे कळलं. फटी बुजवा, अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुवा, आणि कुत्र्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने गोचिडींवरची, महिनाभर किंवा तीन महिने पुरणारी गोळी द्या. फिट येणारं कुत्रं असेल तर ते आधी सांगा, या गोळ्यांपैकी बऱ्याच अशा कुत्र्यांना जपून द्याव्या लागतात. घरात मांजर असेल तर कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या थेंबांची बाटली तिच्यापासून लांब ठेवा. परमेथ्रिन असलेले थेंब मांजरीचा जीव घेतात.

४. उलटी आणि हगवण: कधी थांबायचं, कधी पळायचं

मोठ्या कुत्र्याला एखादी उलटी झाली, पण ते खेळतंय, शेपूट हलतेय, तर काही तास पोटाला विश्रांती द्या. पाणी थोडं थोडं. मग मीठ न घातलेला मऊ भात आणि उकडलेलं चिकन. गवत खाऊन केलेली पिवळी-फेसाळ उलटी तर आमच्याकडे महिन्यातून एकदा असतेच.

खालीलपैकी एक जरी दिसलं तरी लगेच निघा:

- पिल्लू उलट्या करतंय आणि गळून पडलंय. पिल्लाला उपाशी ठेवू नका, त्याची साखर पटकन उतरते.
- शीमध्ये रक्त आणि सडका, विसरता न येणारा वास. हा बहुतेक पार्व्हो. शीच्या नमुन्यावरून किटने तपासता येतो. थेट विषाणूवर मारा करणारं औषध सहज मिळत नाही. सलाईन, उलटीची इंजेक्शनं आणि वेळेत पोचणं यावरच पिल्लं वाचतात.
- मोठ्या चणीच्या कुत्र्याचं पोट फुगलंय, ते उलटीसाठी उमाळे देतंय पण बाहेर काही येत नाही. पोटाला पीळ पडलेला असू शकतो. इथे सकाळची वाट बघायची नसते.
- नसबंदी न झालेली कुत्री, माजावर येऊन एक-दोन महिने झालेत, पाणी खूप पितेय, खात नाही, मागून घाण स्राव येतोय. गर्भाशयात पू झाला असेल. स्राव न येताही होतो, तो अधिक धोक्याचा.

पार्व्होचा विषाणू घरात कित्येक महिने टिकतो आणि आपल्या लाडक्या फिनेलने मरत नाही. फरशी आधी धुऊन मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी अशा मिश्रणाने पुसा, दहा मिनिटं ओली राहू द्या. पिल्लू गेलेल्या घरात लगेच दुसरं लस न झालेलं पिल्लू आणू नका.

५. ऋतूंप्रमाणे

उन्हाळा. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवा. ठेववत नसेल तर फिरायला नेऊ नका. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात घराबाहेर काढूच नये, असं माझं मत आहे. खरं तर तिथे ती पाळावीत का, हाही प्रश्न आहे, पण तो भांडणाचा विषय. जोरजोरात धापा, चिकट लाळ, लडखडणं दिसलं तर नळाचं पाणी अंगावर, पंखा, ओल्या अंगानेच गाडीत घाला आणि दवाखाना. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता अडकते.

पावसाळा. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो, साचलेल्या पाण्यातून कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडून आपल्यालाही. ताप, पिवळे डोळे, गडद लघवी दिसली तर हातमोजे घालून साफसफाई करा. लेप्टोची लस वरच्या ‘सेव्हन-इन-वन’, ‘नाइन-इन-वन’मध्ये असते, पण ती वर्षभरच पुरते. बाकी पावसाळ्यात पंजे पुसा, कान हुंगा. आंबट वास, सतत डोकं झटकणं म्हणजे कान बिघडला. कानात खोबरेल तेल नको. खरूज असेल तर तुमच्या हातावरही खाज उठेल, तेव्हा दोघांनी आपापल्या डॉक्टरांकडे जा.

६. आपलं स्वयंपाकघर

बेदाणे आणि द्राक्षांनी कुत्र्याची किडनी बंद पडू शकते, म्हणून प्रसादाचा शिरा त्याच्यापासून लांब. कांदा-लसूण तांबड्या पेशी फोडतात, शिजवले तरी, म्हणून रश्शातलं चिकन धुऊन देण्याला अर्थ नाही. चॉकलेट नाही. झायलिटॉल असलेलं बिनसाखरेचं च्युइंगम नाही. शिजवलेलं हाड नाही, त्याच्या सुया होतात. दूध-पोळी खाऊन आमच्या आजोळची कुत्री जगली, हे आई अजून सांगते. जगली खरी, पण पातळ शी करत.

आणि माणसांचं औषध कधीही नाही. क्रोसिन नाही, ब्रुफेन तर अजिबात नाही. ‘पाव गोळीने काय होतंय’ असं म्हणणारा माणूस घरात असतोच. औषधाचा डबा त्याच्याही हाताला लागणार नाही असा ठेवा.

७. सवयी: खोड आहे की दुखणं

पिल्लू चावतं, कारण चार ते सहा महिन्यांत त्याचे दुधाचे दात पडतात आणि हिरड्या शिवशिवतात. ओला फडका पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवा आणि तो चघळायला द्या. हात चावला की खेळ थांबवा, उठून जा. फटका मारलात तर ते हाताला घाबरायला शिकतं आणि मग तोच हात पुढे आला की आधी चावतं.

शू कुठे करायची हे शिकवायला एकच युक्ती: झोपून उठल्यावर, जेवल्यावर, खेळून झाल्यावर लगेच बाहेर, आणि तिथे झाली की त्याच क्षणी खाऊ. घरात झाली तर पुसून टाका. नाक घासून त्याला फक्त एवढंच समजतं की तुमच्यासमोर शू करायची नाही, मग ते पलंगामागे करतं.

शिकलेलं कुत्रं अचानक घरात शू करायला लागलं, शांत कुत्रं कान धरल्यावर गुरगुरलं, उडी मारून सोफ्यावर चढणारं खालीच बसून राहिलं, तर आधी डॉक्टर, मग ट्रेनर. गुंडीने एकदा चार दिवस पलंगाच्या कडेला शू केली. मी तिला रागावले, दार लावून गॅलरीत ठेवलं. लघवी तपासली तर संसर्ग. माझं दुसरं टाळता येण्याजोगं रडणं ते.

दिवाळीत संध्याकाळच्या आत फिरवून आणा. आतली खोली, पडदे, पंखा जोरात, टीव्ही चालू, आणि गळ्यात नंबर लिहिलेला पट्टा, कारण दर लक्ष्मीपूजनाला घाबरून पळालेली कुत्री हरवतात. फार थरथरणारं असेल तर दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांशी बोला.

घरचं, लस झालेलं कुत्रं चावलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. सरकारी रुग्णालयात रेबीजची लस मोफत असते. हळद, चुना, तिखट काही भरू नका. रेबीजची लक्षणं दिसल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही, त्यामुळे ‘उद्या बघू’ म्हणायची सोय इथे नाही.

८. दवाखान्यात

सोबत वही, लसीकरणाचं पुस्तक, जुने रिपोर्ट, शीचा फोटो (हो, फोटो काढा) आणि चक्कर किंवा खोकल्याचा असेल तर व्हिडिओ. दवाखान्यात पोचताच कुत्रं हमखास शहाण्यासारखं उभं राहतं. ‘खात नाही हो’ म्हणण्याऐवजी ‘काल सकाळी निम्मं खाल्लं, रात्री काहीच नाही, ताप १०३.४, शू दोनदा, गडद’ असं सांगा. गोळीचं नाव, प्रमाण आणि किती दिवस हे तिथेच वहीत लिहून घ्या.

खर्च झेपत नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने बघा. मुंबईत परळला, पुण्याकडच्यांना शिरवळला, विदर्भात नागपूरला, मराठवाड्यात परभणी आणि उदगीरला. रांग असते, अर्धा दिवस धरून जा. रेबीजचं प्रमाणपत्र जपून ठेवा, पुण्या-मुंबईत महापालिकेचा श्वान परवाना काढताना ते लागतं.

९. गोळी पोटात कशी घालायची

गोळी चक्क्याच्या किंवा उकडलेल्या बटाट्याच्या गोळ्यात दडवा, पण आधी दोन रिकामे गोळे द्या. तिसऱ्यात गोळी, आणि चौथा हातात धरून दिसत राहू द्या, म्हणजे तिसरा न चावता गिळला जातो. डॉक्सिसायक्लिन मात्र चक्क्यात नको, दुधाच्या पदार्थाबरोबर ते नीट लागू पडत नाही. तिथे बटाटा. आणि ती गोळी घशात चिकटून जखम करते, म्हणून वर थोडं जेवण किंवा सिरिंजने गालाच्या कडेने पाच-सहा मिली पाणी. मग पाच मिनिटं नजर ठेवा. गुंडी बटाटा खाऊन, शेपूट हलवून, गॅलरीत जायची आणि तुळशीच्या कुंडीमागे गोळी थुंकून यायची. कोर्सच्या सहाव्या दिवशी मला तिथे तीन सापडल्या.